खाटेवरचे नऊ महिने : संत इग्नेशियस लोयोला यांची धीराची शाळा



रविवारी मिस्सेला आलो की बाजूच्या भिंतीलगत ठेवलेल्या खुर्च्यांकडे आपले लक्ष जाते. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी कुणाचे गुडघे झिजलेले असतात, तर कुणाच्या गुडघ्याच्या वाट्या नुकत्याच बदललेल्या असतात. सगळे गुडघे टेकतात तेव्हा ही मंडळी बसूनच मान खाली घालतात. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा संकोच असतो. जन्मभर देवापुढे गुडघे टेकले आणि आता ते जमत नाही, याची खंत मनात असते.

आपल्या वणी परिसरात कुणी शेतात राबले, कुणी कोळशाच्या खाणीत, तर कुणी उभ्याने स्वयंपाक आणि धुणीभांडी करण्यात आयुष्य काढले. गुडघे झिजणारच. आता नागपूर, चंद्रपूर किंवा सावंगी-सेवाग्रामकडे जाऊन शस्त्रक्रिया करून घेणारे पुष्कळ आहेत. शस्त्रक्रिया दोन-अडीच तासांत आटोपते, काही दिवसांत माणूस घरी येतो. पहिल्या आठवड्यात नातेवाईक संत्री-मोसंबी घेऊन भेटायला येतात. खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर. टाके निघतात, पण सूज उतरत नाही. गुडघा वाकवायचा व्यायाम रोज करावा लागतो आणि रोज दुखते. रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या महिन्यात भेटायला येणारे कमी होतात. घरातली माणसेही विचारू लागतात की अजून किती दिवस? आजारी माणूसही मनात तेच विचारत असतो. पूर्ण बरे वाटायला काहींना वर्षभरही लागते, हे ऐकले की धीर खचतो.

अशा वेळी ज्यांची आठवण व्हावी असे एक संत आहेत. दरवर्षी ३१ जुलै रोजी आपण त्यांचा सण साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या नव्या जीवनाचा आरंभ झाला तो एका मोडलेल्या पायापासून आणि आजारपणाच्या खाटेवरून. हे संत म्हणजे इग्नेशियस लोयोला.

दरबारी तरुण

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात झाला. आस्पेइतिया गावाजवळ लोयोला नावाचा त्यांच्या घराण्याचा दगडी वाडा होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव इनिगो ठेवण्यात आले. घरात भावंडे पुष्कळ, इनिगो सर्वांत धाकटे. आई लवकर वारली. गावातल्या एका लोहाराच्या बायकोने त्यांना दूध पाजून वाढवले.

पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांना राजाच्या खजिनदाराच्या घरी, आरेवालो येथे, दरबारी रीतिरिवाज शिकण्यासाठी पाठवण्यात आले. तेथे ते तलवार चालवायला, घोड्यावर बसायला आणि नाचायला शिकले. चांगले कपडे, चांगले बूट आणि मानमरातब यांची त्यांना फार आवड होती. शूर योद्ध्यांच्या आणि त्यांच्या प्रेमाच्या अद्भुत कादंबऱ्या ते तासन् तास वाचत. आपणही तसेच नाव कमवावे, हे त्यांचे स्वप्न होते. पुढे १५१७ साली ते नव्हार प्रांताचे व्हाइसरॉय असलेल्या नाहेराच्या ड्यूकच्या पदरी राहिले.

१५२१ साली फ्रेंच सैन्याने नव्हारची राजधानी पाम्प्लोना हिला वेढा घातला. किल्ल्यात सैनिक थोडे होते. शरण जावे असेच जवळजवळ सगळ्यांचे मत होते. इनिगो यांनी मात्र लढण्याचा हट्ट धरला आणि किल्लेदाराचे मन वळवले. २० मे १५२१ रोजी तोफेचा एक गोळा त्यांच्या दोन्ही पायांमधून गेला. उजव्या पायाचे हाड चुरडले आणि डाव्या पायालाही जखम झाली. ते पडताच किल्ला शरण गेला. त्या वेळी इनिगो तीस वर्षांचे होते.

फ्रेंचांनी त्यांना सन्मानाने वागवले. त्यांच्या वैद्यांनी हाड बसवले आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्यांना डोलीत घालून डोंगरवाटेने लोयोलाला पाठवून दिले.

सहन करणे आणि धीर धरणे

घरी पोहोचल्यावर वैद्यांनी पाहिले तर हाड जागेवर नव्हते. नीट बसवले गेले नव्हते म्हणा, किंवा वाटेतल्या हिसक्यांनी सरकले म्हणा. ते पुन्हा मोडून पुन्हा बसवावे लागेल असे ठरले.

येथे थोडे थांबून विचार करू या. भूल देण्यासाठी ईथरचा जाहीर वापर १८४६ साली झाला. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, पेनिसिलिनचा १९२८ चा. १५२१ साली यांतले काहीच नव्हते. शुद्धीत असलेल्या माणसाचे हाड हातांनी मोडायचे आणि अंदाजाने बसवायचे, एवढाच उपाय होता. इनिगो यांनी ते सहन केले. तोंडातून शब्द काढला नाही, फक्त मुठी घट्ट आवळल्या.

त्यानंतर त्यांची प्रकृती खालावत गेली. अन्न जाईना. संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाच्या सुमारास वैद्यांनी आशा सोडली आणि त्यांना शेवटचे संस्कार देण्यात आले. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे २८ जून रोजी, मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही तर ते जगणार नाहीत असे वैद्य म्हणाले. संत पेत्र यांच्यावर इनिगो यांची भक्ती होती. त्याच मध्यरात्री उतार पडू लागला आणि काही दिवसांत धोका टळला.

पण गोष्ट येथे संपत नाही. हाड जुळले तेव्हा गुडघ्याच्या खाली एक हाड दुसऱ्यावर चढून बसले होते. पाय आखूड झाला होता आणि हाडाचा उंचवटा बाहेरून दिसत होता. दरबारातले घट्ट, उंच बूट त्या पायात चढले नसते. इनिगो यांनी वैद्यांना विचारले की हे हाड कापता येईल काय? वैद्य म्हणाले, कापता येईल, पण आतापर्यंतच्या सर्व यातनांपेक्षा ही यातना मोठी असेल. इनिगो यांनी तरीही कापायला सांगितले. थोरला भाऊ मार्तिन ते पाहून हादरला. मांस चिरून हाड करवतीने कापण्यात आले. मग पाय लांब व्हावा म्हणून लेप लावले गेले आणि ताण देणारी साधने बांधून पाय दिवसचे दिवस ओढून ठेवण्यात आला.

बंधू-भगिनींनो, ही सहनशक्ती थक्क करणारी आहे. परंतु हा धीर नव्हता. एका सुंदर बुटासाठी आणि लोकांनी आपल्याला पूर्वीसारखे पाहावे यासाठी ते हे सारे सोसत होते. दात-ओठ चावून वेदना गिळणे त्यांना लहानपणापासून येत होते. योद्ध्याचे ते शिक्षणच होते. जे येत नव्हते ते वेगळे होते. काहीही न करता पडून राहणे, हळूहळू बरे होणे आणि पूर्वीचा पाय कदाचित परत येणार नाही हे मान्य करणे, हे त्यांना अजून शिकायचे होते.

आपल्यातही असे होते. शस्त्रक्रियेची कळ आपण सोसतो. आपण किती सोसले हे लोकांना सांगतोही. पण तिसऱ्या महिन्यात, जेव्हा सांगण्यासारखे काही उरत नाही आणि रोज तोच वॉकर, तोच व्यायाम, तीच सूज असते, तेव्हा मन बंड करते. कुणी फिजिओथेरपी सोडून देतो, तर कुणी एका दिवसात दहा दिवसांचा व्यायाम करून गुडघा सुजवून घेतो. वरून ही दोन टोके वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी अधीरताच आहे.

दोन पुस्तके

जखमा भरत होत्या, बाकी शरीर निरोगी होते, पण त्या पायावर भार देता येत नव्हता. म्हणून इनिगो यांना खाटेवरच राहावे लागले. वेळ जात नव्हता. त्यांनी आपल्या आवडीच्या वीरकथा मागितल्या. त्या वाड्यात तशी एकही कादंबरी निघाली नाही. त्यांची शुश्रूषा करणारी भावजय माग्दालेना हिने घरात होती ती पुस्तके आणून दिली. एक होते सॅक्सनीच्या लुडोल्फ या मठवासी लेखकाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र, आणि दुसरे संतांच्या चरित्रांचा संग्रह.

नाइलाजाने ते वाचू लागले. वाचता वाचता थांबून विचार करू लागले. कधी एका थोर स्त्रीची सेवा करून नाव कसे मिळवावे याचे मनोराज्य तीन-तीन, चार-चार तास चाले. कधी संत फ्रान्सिस आणि संत दोमिनिक यांनी जे केले ते मी केले तर काय होईल, असा विचार येई. दोन्ही विचार आनंद देत. पण काही दिवसांनी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या प्रकारचा विचार संपला की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसऱ्या प्रकारचा विचार संपल्यावरही मन प्रसन्न राही. कुठला विचार आपल्याला कुठे नेऊन सोडतो, हे ते पाहू लागले.

हे निरीक्षण पुढे त्यांच्या साऱ्या शिकवणुकीचा पाया ठरले. मनातील हालचालींची पारख करून देवाची इच्छा ओळखण्याचा जो मार्ग त्यांनी जगाला दिला, त्याची सुरुवात अशी झाली. घोड्यावर धावणाऱ्या इनिगो यांना हे कधीच दिसले नसते. एकच विचार आज, उद्या आणि परवा मनात येऊन काय करून जातो, हे पाहायला खूप रिकामा वेळ लागतो. तो वेळ त्यांना मोडलेल्या पायाने दिला.

हळूहळू त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतले. त्या पुस्तकांतील महत्त्वाचे भाग ते एका वहीत सुंदर अक्षरांत उतरवू लागले. प्रभू येशूचे शब्द तांबड्या शाईने आणि पवित्र मरियेचे निळ्या शाईने. सुमारे तीनशे पाने त्यांनी अशी भरली. काही वेळ लिहिणे आणि काही वेळ प्रार्थना, असा दिवस ठरून गेला. एका रात्री त्यांना बाळ येशूसह पवित्र मातेचे दर्शन झाले आणि जुन्या आयुष्याबद्दल मनात तिटकारा उत्पन्न झाला, असे त्यांनी पुढे आपल्या सोबत्याला सांगितले. रात्री ते खिडकीतून आकाश आणि तारे पाहत बसत. घरातल्यांना त्यांच्यात पडलेला फरक जाणवू लागला. पाय अजून पुरता बरा नव्हता, पण ते घरात थोडे थोडे चालू लागले होते.

त्या नऊ महिन्यांत माग्दालेनाने काय काय केले असेल, याचाही आपण विचार करावा. जखमा, पथ्यपाणी आणि चिडचिड्या दिराची मर्जी, हे सारे तिने सांभाळले असणार. इतिहासात तिच्याबद्दल फार लिहिलेले नाही. परंतु योग्य वेळी योग्य पुस्तक हाती देणारी तीच होती. घरी आजारी माणसाचे सारे करणाऱ्या आपल्या सुना, मुली, बायका आणि मुलगे हे सगळे माग्दालेनाच्या वाटेने चालत आहेत.

घाई पुन्हा आडवी आली

१५२२ च्या फेब्रुवारीअखेर इनिगो खेचरावर बसून घराबाहेर पडले. जेरुसलेमला जायचे त्यांनी ठरवले होते. वाटेत मोन्सेरातच्या डोंगरावर पवित्र मरियेचे प्रसिद्ध देवालय आहे. तेथे त्यांनी तीन दिवस घेऊन आपल्या साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन लिहून केले. आपले भारी कपडे एका गरिबाला दिले आणि स्वतः जाड्याभरड्या तागाचा झगा घातला. २४ मार्चच्या रात्री तलवार आणि खंजीर मरियेच्या वेदीजवळ ठेवून ते रात्रभर प्रार्थना करत राहिले, कधी उभे, कधी गुडघ्यांवर. त्या प्रवासात त्यांनी वहाणांपैकी एकच वहाण घातली होती. कारण दुखरा पाय अजून बांधलेला होता आणि रोज संध्याकाळी सुजत होता. दुखापतीला दहा महिने होऊन गेले होते. गुडघ्याची सूज का उतरत नाही म्हणून काळजी करणाऱ्यांनी ही एक वहाण लक्षात ठेवावी.

तेथून ते जवळच्या मान्रेसा गावी गेले. थोडे दिवस थांबायचे होते, पण मुक्काम सुमारे अकरा महिन्यांचा झाला. आणि येथे त्यांची जुनी घाई नव्या वेषात पुन्हा आली. आता त्यांना लवकर संत व्हायचे होते. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, भीक मागून खाणे, कडक उपास, झोप कमी. केस आणि नखे कापणे सोडले. पापांची क्षमा झाली की नाही या शंकेने मन पोखरले. पुन्हा पुन्हा पापनिवेदन केले तरी शांती मिळेना. निराशा इतकी झाली की जीव द्यावा असा विचारही मनात येऊन गेला. शरीर ढासळले, पोट कायमचे बिघडले.

हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की हा मार्ग देवाचा नाही. लहान मुलाला शाळामास्तर शिकवतो तसा देव आपल्याला एकेक पायरी शिकवत आहे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी केस आणि नखे कापली, उपास कमी केले, झोपेची वेळ वाढवली. याच गावी कार्दोनेर नदीच्या काठी बसले असताना त्यांना विश्वासाच्या अनेक गोष्टींचा नवा उलगडा झाला. येथल्या अनुभवांतूनच आध्यात्मिक साधना हे त्यांचे पुस्तक आकाराला आले.

निराशेची ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण दीर्घ आजारपणात असे विचार येतात आणि माणसे ते लाजेने लपवतात. ते विचार येणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. आपल्या घरच्यांना, डॉक्टरांना आणि धर्मगुरूंना ते सांगावेत. इग्नेशियस यांनीही आपले अंधारे दिवस झाकून ठेवले नाहीत. म्हातारपणी आपली जीवनकथा सांगताना त्यांनी तेही सांगितले.

मुलांच्या बाकावर

१५२३ च्या सप्टेंबरमध्ये ते जेरुसलेमला पोहोचले. तेथेच जन्मभर राहावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु तेथील पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत जाण्याची आज्ञा केली. त्यांनी ती मानली. पुन्हा सारे नव्याने ठरवायचे होते.

लोकांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात ते लहान मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण शिकायला बसले. एकेकाळचा सरदारपुत्र, लंगडत येणारा, शब्द पाठ करता न येणारा! पुढे आल्काला आणि सालामांका येथे त्यांच्यावर संशय घेऊन त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. आल्कालात ४२ दिवस आणि सालामांकात २२ दिवस. दोन्ही ठिकाणी त्यांच्या शिकवणुकीत दोष सापडला नाही. १५२८ च्या फेब्रुवारीत ते बार्सिलोनाहून बहुतेक वाट पायी चालून पॅरिसला पोहोचले. ज्या पायाला दरबारी बूट चढणार नव्हता, तो पाय असा देशोदेशी चालत होता.

पॅरिसला पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोन तरुण त्यांच्या खोलीत राहत. फेबर लवकर त्यांचे मित्र झाले. झेवियर मात्र महत्त्वाकांक्षी होते आणि या लंगड्या, वयस्क विद्यार्थ्याला फारशी किंमत देत नसत. इग्नेशियस यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, अडचणीत मदत केली, घाई केली नाही. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरच्या छोट्या प्रार्थनामंदिरात सात जणांनी वचने घेतली. झेवियर त्यांत होते.

१५३७ च्या जूनमध्ये व्हेनिसला इग्नेशियस यांना गुरुदीक्षा मिळाली. तरी पहिली मिस्सा अर्पण करण्यासाठी ते दीड वर्ष थांबले. १५३८ च्या नाताळात रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात त्यांनी ती अर्पण केली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली. १५४१ साली इग्नेशियस त्याचे पहिले वरिष्ठ झाले.

रोमची खोली आणि गोव्याचा किनारा

त्यानंतरची पंधरा वर्षे त्यांनी जवळजवळ सगळी रोममध्येच काढली. जग फिरायला निघालेला माणूस एका खोलीत बसून पत्रे लिहीत राहिला. त्यांची सुमारे सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. आपला परमप्रिय मित्र झेवियर याला त्यांनी पूर्वेकडे पाठवले. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. पत्र पोहोचायला कित्येक महिने लागत. १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियस यांनी झेवियर यांना परत येण्यासाठी पत्र लिहिले, तेव्हा झेवियर यांना चीनच्या दारात, सांचियन बेटावर मरण येऊन सहा महिने उलटले होते. ३ डिसेंबर १५५२ रोजी ते वारले होते. वाट पाहणे म्हणजे काय, हे इग्नेशियस यांना असे शेवटपर्यंत शिकावे लागले.

आपल्या मराठी माणसांचाही या कथेशी जवळचा संबंध आहे. त्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. येथील भाषा शिकून त्यांनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापून प्रसिद्ध झाले. लोयोलाच्या वाड्यात एका आजारी माणसाच्या हाती ख्रिस्तचरित्र पडले, आणि शंभर वर्षांच्या आत त्याच्या संघातील एका धर्मगुरूने मराठी माणसाच्या हाती ख्रिस्तकथा दिली.

इग्नेशियस यांची प्रकृती कधीच धड राहिली नाही. पोटाचे दुखणे वरचेवर उठे. उजवा पाय किंचित आखूड राहिला आणि ते शेवटपर्यंत थोडे लंगडत चालले. मात्र आजारी माणसांबाबत ते फार हळवे होते. घरात कोण आजारी आहे, त्याला हवे ते मिळाले की नाही, याची ते स्वतः चौकशी करत. स्वतः मान्रेसाला जे केले ते त्यांनी तरुणांना करू दिले नाही. शरीर देवाने दिले आहे, ते सांभाळून वापरावे, असा त्यांचा आग्रह असे.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे रोममध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा संघात सुमारे हजार सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले. त्याच दिवशी संत फ्रान्सिस झेवियर, आविलाच्या संत तेरेजा, संत फिलिप नेरी आणि शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांनाही तो मान मिळाला. रोममध्ये त्यांच्या राहत्या खोल्या आजही जपून ठेवल्या आहेत आणि त्यांचे साधे जोडे तेथे पाहायला मिळतात. ज्या बुटांसाठी हाड कापून घेतले ते बूट कुठे गेले कुणास ठाऊक. जपले गेले ते हे जोडे.

आपण काय घ्यावे?

इग्नेशियस पूर्वीसारखे झाले नाहीत. आपल्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. पाठीच्या मणक्यांच्या विकारामुळे त्यांना कित्येक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच शक्य होते. तरी १९८५ साली ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. २००८ साली त्यांचे निधन झाले. तेही पूर्वीसारखे झाले नाहीत, पण जे शरीर उरले होते त्याला त्यांनी कामाला लावले.

नवा गुडघा बसवलेल्या आपल्या बंधू-भगिनींना म्हणूनच सांगावेसे वाटते की कालच्या पायाशी आजच्या पायाची तुलना करू नका. खाली मांडी घालून बसणे कदाचित पुन्हा जमणार नाही. त्याचे वाईट वाटणारच, वाटू द्या. पण गेल्या आठवड्यात ओट्यापर्यंत जात होता, या आठवड्यात अंगणापर्यंत जाता, हे मोजा. फिजिओथेरपिस्टने सांगितले तितकाच व्यायाम रोज करा. त्यात कमीही करू नका आणि हट्टाने वाढवूही नका. सूज एकाएकी वाढली, ताप आला, जखम लाल झाली किंवा पोटरी दुखू लागली तर मात्र धीर धरत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. दुखणे अंगावर काढणे हा धीर नव्हे.

दिवसाला एक काम लावून घ्या. कुणी शुभवर्तमानाचा एक परिच्छेद वहीत उतरवावा, कुणी नातवंडांचा अभ्यास घ्यावा, कुणी धर्मग्रामातील आजाऱ्यांसाठी रोझरी म्हणावी, कुणी फोन करून दुसऱ्या एकट्या माणसाची विचारपूस करावी. रात्री झोप लागत नसेल तेव्हा दिवसभरात कोणत्या विचाराने मन शांत झाले आणि कोणत्या विचाराने कोरडे झाले, हे पाहावे. इग्नेशियस यांनी खाटेवर हेच केले.

आणि आपण, जे धडधाकट आहोत, त्यांनी एक करावे. पहिल्या आठवड्यात भेटून आलात तर तिसऱ्या महिन्यातही जाऊन या. अजून बरे वाटत नाही का, असे विचारू नका. थोडा वेळ बसा, त्यांच्याबरोबर अंगणात चार पावले चाला. घरात शुश्रूषा करणाऱ्या माणसाला तासभर मोकळीक द्या. चर्चमध्ये त्यांच्यासाठी पंख्याजवळची खुर्ची राखून ठेवा.

भिंतीलगतच्या खुर्चीवर बसणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनो, काका-काकूंनो, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून संकोच बाळगू नका. प्रभू तुमची वाकलेली मान पाहतो आणि तेवढी त्याला पुरे आहे.

संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने, दीर्घ दुखण्यातून सावरणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील प्रत्येकाला रोजच्या रोज लागेल तेवढा धीर प्रभू देवो, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या हातांना बळ देवो. आमेन.